मीटर पळतंय, पण कापड निघत नाही

सोलापूरच्या पूर्व भागात विडी वळणाऱ्या बाईचा हात कधी जवळून पाहावा. तेंदूचं कापलेलं पान, त्यात चिमूटभर तंबाखू, अंगठा आणि तर्जनीचा एक पीळ, मग दोरा, शेवटी तोंड मुडपलं की विडी तयार. सगळा जोर अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या फुगीर स्नायूचा. समजा, तोच स्नायू खपाटीला जाऊ लागला. पीळ सैल पडतो, हजार विड्यांना दुप्पट वेळ लागतो. करंगळीकडचा भाग मात्र भरलेलाच. मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही, दुखणंही नाही.

मोटर न्यूरॉन आजार अनेकदा असा चोरपावलांनी येतो. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशी हळूहळू मरत जातात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६९ सालापासून त्याचं वर्णन केलं, तरी आजही पहिल्या लक्षणापासून निदान होईपर्यंत बहुतेकांचं वर्षभर जातं. आधी अशक्तपणा म्हणून टॉनिक, मग मानेचा मणका, काहींच्या तर मानेचं ऑपरेशनही होऊन जातं. या वाया गेलेल्या महिन्यांचं मला फार वाईट वाटतं.

एमआरआय का करत नाहीत? करतात, आणि तो करायलाच हवा, कारण मणक्याचा किंवा दुसरा एखादा आजार असेल तर तो त्यात सापडतो. पण मोटर न्यूरॉन आजारात साध्या एमआरआयमध्ये मेंदू बऱ्याचदा ठाकठीक दिसतो. बंद पडलेल्या गिरणीचा फोटो काढला, तर भिंती आणि चिमणी जागच्या जागीच दिसणार. आत माग चालू आहेत की नाहीत हे कळायला विजेचं मीटर बघावं लागतं.

मेंदूचं मीटर म्हणजे साखर. शरीराच्या वजनात मेंदू जेमतेम २ टक्के, पण ऊर्जा खातो सुमारे २० टक्के. पेट स्कॅनमध्ये साखरेचाच एक तोतया शिरेतून देतात. त्याला एफडीजी म्हणतात. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पचनाची पहिली पायरी होते आणि गाडी तिथेच अडते. त्यामुळे तो आत साठत राहतो. त्याला फ्लोरीन-१८ चा किरणोत्सारी अणू जोडलेला असतो, म्हणून जिथे साखर जास्त खपते ती जागा चित्रात उजळ दिसते.

२०१४ साली बेल्जियम आणि इटलीतल्या संशोधकांनी अशी चित्रं मोठ्या संख्येने तपासली. हालचालींचं नियंत्रण करणारा मेंदूचा भाग आणि त्याच्या आसपासचा पुढचा भाग साखर कमी घेत होता. यात नवल नाही. नवल होतं ते मेंदूच्या खोलातल्या काही भागांत साखर नेहमीपेक्षा जास्त खपत होती याचं. चेतापेशी मरत असताना ही साखर खातंय कोण? संशोधकांचा संशय चेतापेशींच्या आधारपेशींवर आहे. शेजारी पडझड झाली की त्या खवळतात, वाढतात आणि साखर ओढतात. मीटर पळतंय, पण कापड निघत नाही!

तरी हात बारीक झाला म्हणून कुणी थेट पेटसाठी धावू नये. निदान आजही मेंदूविकारतज्ज्ञाच्या तपासणीवर आणि ईएमजीवर, म्हणजे स्नायूंतले विजेचे संकेत मोजणाऱ्या चाचणीवर होतं. पेट मुख्यतः संशोधनाचं साधन आहे. शिवाय फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. मुंबईतल्या सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे असे किरणोत्सारी अणू बनवणाऱ्या यंत्रातून निघालेली कुपी सात तासांनी सोलापुरात पोचली, तर शंभरातले सातच भाग उरतील.

या सगळ्या अभ्यासातून घरच्यांच्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. ऊर्जेचा हिशेब फक्त मेंदूत बिघडत नाही. बऱ्याच रुग्णांचं शरीर बसल्या जागी अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जा जाळतं, आणि त्याच वेळी गिळणं अवघड होत जातं. ज्यांचं वजन झपाट्याने घटतं त्यांचा आजारही वेगाने पुढे सरकतो, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून दर पंधरवड्याला वजन करून वहीत लिहावं आणि ते डॉक्टरांना दाखवावं. ठसका लागू लागला तर गिळण्याची तपासणी लवकर करून घ्यावी. आपली कडक भाकरी आणि कोरडी शेंगाचटणी अशा घशात अडकते. डॉक्टरांना विचारून भाकरी दुधात कुस्करावी, चटणी दह्यात कालवावी, आणि वर साजूक तुपाची धार सोडताना हात आखडता घेऊ नये.