शेणस्लरीतला तांबे-जस्ताचा भार: फळांच्या सालीने किती उतरतो?

कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यात तांब्याचे आणि जस्ताचे क्षार मिसळतात. त्यातला थोडाच भाग जनावराच्या अंगी लागतो, बाकीचा विष्ठेवाटे बाहेर पडतो. डुकरांच्या पिलांना औषधी मात्रेत झिंक ऑक्साइड देणे युरोपीय संघात जून २०२२ पासून बंद झाले, त्यामागे शेतजमिनीत साठत जाणारे जस्त हे एक मोठे कारण होते.

खत कुजवले की धातूही जातात, असे अनेकांना वाटते. होते ते उलटेच. सेंद्रिय भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि धातू जागच्या जागी राहतात. किलोमागे ३०० मिलिग्रॅम जस्त असलेल्या ढिगाचे कोरडे वजन कुजून निम्मे झाले, तर तोच आकडा ६०० होतो.

म्हणून धातू काढायचा आहे की नुसता बांधून ठेवायचा आहे, हे आधी ठरवावे. घट्ट खतात बायोचार (काडीकचऱ्याचा कोळसा) किंवा झिओलाइट (धन आयन धरणारे सच्छिद्र खनिज) मिसळले तर पिकाला धातू कमी मिळतो, पण तो खतातच असतो. वर्षानुवर्षे तेच खत पडत गेले तर जमिनीतला साठा वाढतच जातो. खरोखर बाहेर काढणे जमते ते पातळ भागातून. स्लरीतला, म्हणजे विष्ठा-पाण्याच्या पातळ मिश्रणातला, बराचसा धातू बारीक गाळाला चिकटलेला असतो, त्यामुळे आधी ती निवळू द्यावी आणि वरचे पाणी वाळूच्या थरातून गाळून घ्यावे. खालच्या गाळाची वेगळी तपासणी करून तो किती जमिनीवर पसरायचा ते ठरवावे. फळांची साल धरते तो पाण्यात विरघळलेला धातू; गाळाला चिकटलेला धातू ती काढत नाही.

संत्र्या-मोसंबीच्या सालीत पेक्टिन (जॅम घट्ट करणारा पदार्थ) भरपूर असते. त्यातले कार्बोक्झिल नावाचे आम्लधर्मी गट धातूचे धन आयन धरतात, पण बरेचसे गट मिथाइल या छोट्या गटाने झाकलेले असतात. चुन्याने ते मोकळे होतात आणि त्यांच्यावर कॅल्शियम बसते. पुढे तांबे किंवा शिसे आले की कॅल्शियम जागा सोडते. कॉस्टिक सोड्यानेही गट मोकळे होतात, पण पेक्टिन विरघळून वाहून जाते, म्हणून इथे चुनाच बरा.

साल धुवून ६० अंश सेल्सियसला, वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवा. दळून अर्धा ते एक मिलिमीटरचे कण चाळून घ्या. पीठ वापरले तर पुढे साल ज्या नळीत भरायची ती तुंबते. १०० ग्रॅम सालीला दोन लिटर पाणी आणि १० ग्रॅम विरलेला चुना घालून रात्रभर ढवळत ठेवा. सामू १० च्या खाली आला तर चुना संपला असे समजून आणखी घाला. मग पाण्याचा सामू ८ च्या आत येईपर्यंत साल धुवा. या धुण्यात घाई करू नये: उरलेल्या चुन्याने स्लरीचा सामू चढतो, अमोनिया उडतो आणि तांबे सालीवर न बसता हायड्रॉक्साइड होऊन खाली बसते. वरवर आकडा छान दिसतो, पण साल काहीच करत नसते.

म्हणून मोठे काम सुरू करण्याआधी बरणीत चाचणी घ्यावी. १०० मिलिलिटर गाळलेल्या पाण्यात एक ग्रॅम साल टाकून दोन तास हलवा. शेजारी साल न घातलेली बरणी ठेवून तिचा सामू पहिलीइतकाच करून घ्या. दोन्ही नमुने गाळून प्रयोगशाळेत द्या. दोन्हींतला फरक हीच सालीची खरी कमाई. सामू ५ ते ६ असताना ती सर्वांत जास्त असते. ३ च्या खाली हायड्रोजन आयनच जागा अडवतात. मात्र स्लरीला आम्ल घालताना फेस आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड येतो, त्यामुळे हे काम उघड्यावर, थोडे थोडे करावे.

पुढची पायरी नळीची. १० सेंटिमीटर व्यासाच्या, एक मीटर उंच नळीत सुमारे ७.९ लिटर साल मावते. अर्धा तास संपर्क हवा असेल तर तासाला १६ लिटरच्या पुढे जाऊ नये. पाणी खालून वर सोडावे. वरून सोडले तर ते थरात वाटा पाडून निसटते.

शुद्ध पाण्यातल्या प्रयोगांचे आकडे स्लरीला लावणे ही नेहमीची चूक. इथे अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम हे सारे त्याच जागांसाठी भांडत असतात, आणि विरघळलेले सेंद्रिय रेणू तांब्याला स्वतःशीच बांधून ठेवतात. झिओलाइट तर आधी अमोनियमच उचलतो. आर्सेनिक पाण्यात बहुधा ऋण आयन म्हणून असते, त्याला साल धरत नाही. लोहाच्या ऑक्साइडचा लेप दिलेली वाळू लागते.

धातूने भरलेली साल खतात टाकू नये आणि उघड्यावर जाळूही नये; धातू राखेत उरतात, कॅडमियमचा काही भाग धुरातून जातो. ०.१ मोलर (म्हणजे बरेच पातळ) हायड्रोक्लोरिक आम्लाने ती धुतली की धातू थोड्याशा द्रावणात उतरतो. त्यात चुना घालून सामू ९ च्या वर नेला की धातूचा गाळ बसतो. हा मूठभर गाळ घातक कचरा म्हणूनच सोपवावा, आणि साल पुन्हा चुन्यात भिजवून वापरावी. दर फेरीला तिची पकड थोडी घटते, तेव्हा बरणीतली चाचणी दर वेळी नव्याने घ्यावी.