काजव्यांपासून कॅल्शियमपर्यंत

प्रत्यावर्ती वीज वाहणाऱ्या तारेच्या मोठ्या वेटोळ्यात माणसाने डोकं घातलं, की त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात, अशी नोंद फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनव्हाल यांनी १८९६ साली केली. काजवे अक्षरशः. अंगाला तार लागलेली नाही, खोलीत उजेड वाढलेला नाही, तरी नजरेच्या कडेला लुकलुक सुरू.

म्हणजे कमी वारंवारतेचं क्षेत्र जिवंत पेशीला जाणवतं, हे तेव्हाच कळलं होतं. बदलतं चुंबकीय क्षेत्र शरीरात बारीक विद्युतप्रवाह उठवतं आणि दृष्टिपटलातल्या पेशी त्याला दाद देतात. पण त्यासाठी क्षेत्र काही मिलिटेस्लांचं लागतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या तीव्रतेचं एकक). घरात ते सहसा ०.१ मायक्रोटेस्लाच्या आसपास असतं, हजारो पटींनी क्षीण. एवढं क्षीण क्षेत्रही पेशीवर परिणाम करतं का, हा पुढचा सगळा वाद या दरीतला आहे.

१९७९ साल मोठं मजेशीर. न जुळणारी हाडं सांधण्यासाठी स्पंदित चुंबकीय क्षेत्राच्या उपकरणाला अमेरिकेत त्याच वर्षी मान्यता मिळाली, आणि त्याच वर्षी डेन्व्हरहून नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांचा निबंध आला. कर्करोगाने दगावलेल्या मुलांच्या घरांजवळून जाड, जास्त प्रवाहाच्या वीजवाहिन्या अधिक जातात, असं त्यात होतं. त्यांनी घरात क्षेत्र मोजलं नव्हतं. बाहेरच्या तारांची जाडी आणि अंतर पाहून अंदाज बांधला होता. पद्धत कच्ची होती, पण प्रश्न बिनतोड होता.

पेशीच्या पातळीवर बाविन आणि एडी या संशोधकांनी १९७६ साली कोंबडीच्या पिल्लांच्या मेंदूच्या ऊतींवर ६ आणि १६ हर्ट्झची (सेकंदाला तितकी आवर्तनं) क्षीण विद्युतक्षेत्रं लावली. ऊतींतून बाहेर पडणारं कॅल्शियम घटलं. वारंवारता बदलली की परिणाम गायब. इतरांच्या प्रयोगांत मात्र आकडे कधी उलटे आले, कधी आलेच नाहीत. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट अडेर यांनी १९९१ साली हिशेब मांडला, की उष्णतेमुळे रेणूंचा जो गोंधळ पेशीत सदैव चालतो, त्यात एवढा क्षीण इशारा बुडूनच जाईल. मला हा आक्षेप आजही सर्वांत वजनदार वाटतो.

तरीही २००० साली अनेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा ०.४ मायक्रोटेस्लाहून जास्त क्षेत्र असलेल्या घरांत राहणाऱ्या मोजक्या मुलांत ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचं, प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. प्राण्यांवरच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २००२ च्या अहवालात हे चुंबकीय क्षेत्र ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात बसलं.

अडेर यांच्या हिशेबातून निसटणारी एक वाट मात्र आहे: मुक्त मूलकांच्या, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंच्या, जोडीतल्या इलेक्ट्रॉनांची फिरकी (स्पिन). ती चुंबकीय क्षेत्राला दाद देते, पण उष्णतेच्या गोंधळाला लगेच जुमानत नाही. भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस शुल्टन यांनी १९७८ साली ही कल्पना मांडली, ती स्थलांतरित पक्ष्यांना दिशा कशी कळते, या कोड्यासाठी.