हुकलेल्या अपघाताआधीचे पाच सेकंद

लायसन्स मिळून चार महिने झाले होते. संध्याकाळची वेळ, नुकताच पाऊस थांबलेला, रस्ता ओला. गाडी मी चालवत होतो, शेजारी दादा बसला होता. पुढे एक पांढरी व्हॅन होती आणि तिचे मागचे दिवे एकदम लाल झाले. मी ब्रेक करकचून दाबला. पायाखाली पेडल थरथरलं, गाडी तरी पुढे जातच राहिली, व्हॅनची नंबरप्लेट डोळ्यांसमोर मोठी मोठी होत गेली आणि जेमतेम हातभर अंतर उरलं असताना आम्ही थांबलो. त्या नंबरप्लेटच्या कोपऱ्यातला गंजलेला स्क्रू मला अजून दिसतो.

दादा ओरडला नाही. त्याने गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला सांगितलं आणि थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "व्हॅनच्या पुढे काय होतं?"

मला सांगता येईना. स्क्रू आठवत होता, व्हॅनच्या पुढचा रस्ता आठवत नव्हता.

पुढे मी या विषयावर वाचत गेलो, नव्याने गाडी चालवणाऱ्या अनेक मुलामुलींशी बोललो. थोडक्यात बचावल्याचा पहिला प्रसंग जो तो जवळपास असाच सांगतो. शेवटचा क्षण लख्ख असतो, त्याच्या आधीचं सगळं पुसट. आणि प्रसंग ओढवण्याचं कारण बहुतेक वेळा त्या पुसट भागातच असतं.

आधी भीतीबद्दल. माझे हात कापू लागले ते गाडी थांबल्यावर. ब्रेक मारताना ते स्थिर होते. धोका दिसताच मेंदूतला बदामाच्या आकाराचा अमिग्डाला हा भाग सेकंदाच्या अंशात इशारा देतो आणि मज्जातंतूंमधून तो शरीरभर पोहोचतो. मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींमधून सुटलेलं ॲड्रेनॅलिन हे संप्रेरक मात्र रक्तातून प्रवास करतं. ते स्नायूंपर्यंत पोहोचून पुरतं काम सुरू करेपर्यंत गाडी थांबलेली तरी असते, नाहीतर धडकलेली. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी आलेली ही ताकद बसल्या जागी खर्च होत नाही. स्नायूंमध्ये एरवीही असणारा सूक्ष्म कंप ती वाढवते, म्हणून हात कापतात, गुडघे लटपटतात. मागोमाग येणारं कॉर्टिसॉल हे दुसरं संप्रेरक तर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखरावर पोहोचतं. गाडी बाजूला घेऊन काही वेळ थांबण्याला भित्रेपणा म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. रक्त निवळायला तेवढा वेळ लागतोच.

"सगळं स्लो मोशनमध्ये दिसत होतं," हे वाक्यही प्रत्येकाच्या तोंडी असतं. ते खरं आहे का, याची तपासणी झालेली आहे. चेस स्टेटसन, मॅथ्यू फिएस्टा आणि डेव्हिड ईगलमन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वयंसेवकांना ३१ मीटर उंचीवरून, पाठ खाली करून, जाळीत पडू दिलं होतं. पडायला सुमारे अडीच सेकंद लागत. प्रत्येकाच्या मनगटावर एक छोटा पडदा बांधलेला होता आणि त्यावर आकडे इतक्या झपाट्याने बदलत की एरवी ते वाचता येऊ नयेत. भीतीने मेंदू खरोखरच वेगवान होत असेल, तर पडताना ते आकडे वाचता यायला हवे होते. कुणालाच जमलं नाही. पण आपलं पडणं किती वेळ चाललं हे विचारल्यावर, दुसऱ्यांना पडताना पाहून केलेल्या अंदाजापेक्षा त्यांनी सरासरी ३६ टक्के जास्त वेळ सांगितला. वेळ पडताना ताणला गेला नव्हता, तो आठवताना ताणला गेला. भीतीच्या क्षणी स्मृती इतकी दाट नोंदली जाते की नंतर उलगडून पाहताना तो क्षण लांबलचक वाटतो.

माझ्या स्क्रूचं कोडं इथे सुटतं. ही दाट नोंद भीती वाटल्यापासून सुरू होते. भीती वाटण्याआधीचे सेकंद मेंदूच्या लेखी साधे, रोजचे असतात. ते तो तपशिलात जपत नाही.

मग त्या साध्या सेकंदांत नवा चालक काय करत असतो? १९७२ मध्ये रोनाल्ड मूरंट आणि थॉमस रॉकवेल यांनी नवशिक्या आणि सराईत चालकांच्या नजरेचा माग घेणारं संशोधन प्रसिद्ध केलं. नवशिक्यांची नजर गाडीच्या नाकासमोरच्या थोड्याशा जागेत अडकलेली असे. ती लांब जात नसे, आरशांकडेही कमी वळे. रस्त्यावरच्या पट्ट्यांकडे पाहत पाहत ते गाडी सरळ ठेवत होते. सराईत माणसाला पट्ट्या डोळ्यांच्या कडेने कळतात, त्याची मुख्य नजर पुढचं शोधायला मोकळी असते. नव्या चालकाला बेफिकीर म्हणण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं. तो मनापासून बघत असतो, पण त्याचं बघणं गाडी रेषेत ठेवण्यातच संपतं.

जवळ बघण्याची किंमत किती, हे भूमितीवरून कळतं. सुमारे १.८ मीटर रुंदीची एक गाडी रस्त्यात उभी आहे आणि तुम्ही ताशी ६० किलोमीटर वेगाने तिच्याकडे निघाला आहात असं समजा. १०० मीटरवरून ती एक अंशाएवढी दिसते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीची. पुढच्या तीन सेकंदांत अंतर निम्मं होतं आणि ती अंगठ्याएवढी दिसू लागते. तीन सेकंदांत एवढाच फरक पडल्याने कुणी दचकत नाही. त्यानंतर दीड सेकंदात अंतर २५ मीटरवर येतं, ती पुन्हा दुप्पट होते. मग पाऊण सेकंदात आणखी दुप्पट. अंतर निम्मं झालं की आकार दुप्पट होतो आणि प्रत्येक दुपटीला आधीच्या निम्मा वेळ लागतो. डोळ्यांना घाबरवणारी सगळी वाढ शेवटच्या दीड सेकंदात कोंबलेली असते. म्हणून "ती गाडी अचानक समोर आली" असं सांगणारा मुलगा खोटं बोलत नसतो. गाडी चार-पाच सेकंदांपासून तिथेच असते, पण तिचं 'येणं' अगदी शेवटी जाणवतं.

आडव्या रस्त्यावरून येणाऱ्या वाहनाची तऱ्हा आणखी फसवी. दोन्ही गाड्या आपापला वेग न बदलता, एकाच बिंदूवर एकाच वेळी पोहोचतील अशा सरळ निघाल्या असतील, तर समोरचं वाहन आपल्या काचेत इकडेतिकडे सरकतच नाही. ते एकाच जागी थांबून हळूहळू मोठं होत जातं. कडेच्या नजरेला हालचाल चटकन कळते, स्थिर गोष्ट कळत नाही. त्यात ते वाहन काचेच्या कडेच्या खांबाआड सापडलं तर शेवटपर्यंत तिथेच लपून राहू शकतं. चौकात पोहोचताना मान थोडी पुढे-मागे करून खांबापलीकडे डोकावण्याची सवय मी दादाकडून उचलली. त्यामागची भूमिती फार नंतर कळली.

आता प्रतिसादाचा वेळ पाहू. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा मार्क ग्रीन यांनी २००० मध्ये आढावा घेतला. ब्रेक मारावा लागणार हे आधी ठाऊक असेल तर पाय पेडलवर जायला पाऊण सेकंदाच्या आसपास लागतो. पुढच्या गाडीचे दिवे अनपेक्षितपणे लागले तर सव्वा सेकंद. काहीतरी पूर्ण अनपेक्षित आडवं आलं तर दीड सेकंद. ताशी ६० च्या वेगाने दीड सेकंदात गाडी २५ मीटर जाते. मघाच्या भूमितीतही, उभी गाडी खऱ्या अर्थाने अंगावर येऊ लागते तेव्हा अंतर उरलेलं असतं २५ मीटरच. म्हणजे भीतीने जागं होण्याची वाट पाहिली, तर ब्रेकवर पाय पडेपर्यंत रस्ता संपलेला असतो.

वेगाचं गणित तर मला प्रत्येक नव्या चालकाकडून एकदा कागदावर करून घ्यावंसं वाटतं. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक गाडीचा वेग दर सेकंदाला सुमारे ७ मीटर प्रतिसेकंदाने कमी करतात. ताशी ६० च्या गाडीला प्रतिसादात २५ मीटर आणि ब्रेक लागल्यावर सुमारे २० मीटर, असे ४५ मीटर लागतात. शेजारून ताशी ८० ने जाणाऱ्या गाडीच्या चालकाला तोच धोका त्याच क्षणी दिसला, तर तिचे ३३ मीटर प्रतिसादातच जातात. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथून दुसरी जाते तेव्हा तिचा वेग किती असतो? बहुतेक जण ताशी २० सांगतात. उत्तर आहे सुमारे ६५. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं आणि आपलं मन मात्र सरळ वजाबाकी करत राहतं.

माझ्या पायाखालचं पेडल थरथरलं ते एबीएसमुळे. चाकं लॉक झाली की गाडी घसरते आणि स्टेअरिंगही ऐकत नाही, म्हणून ही यंत्रणा सेकंदाला कित्येक वेळा ब्रेक सोडते आणि धरते. बॉश या कंपनीने आपली ही यंत्रणा १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लास गाड्यांमध्ये आणली. पहिल्यांदा ती थरथर जाणवली की काहीतरी मोडलं असं वाटून पाय आपोआप सैल पडतो, माझाही क्षणभर पडला होता. हे मोकळ्या, सुरक्षित मैदानात कुणीतरी एकदा अनुभवायला द्यायला हवं.

पण थांबण्याच्या कौशल्यावर भिस्त ठेवण्यात वेगळा धोका आहे. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसेन यांनी शिकाऊ चालकांचे दोन गट केले होते. एका गटाला निसरड्या रस्त्यावर ब्रेक मारण्याचं आणि अडथळा चुकवण्याचं कौशल्य शिकवलं. दुसऱ्या गटाला तोच अनुभव देऊन, अशा वेळी आपलं काही चालत नाही हे जाणवून दिलं. चाचणीत दोन्ही गटांचं प्रत्यक्ष कौशल्य सारखंच निघालं. फरक पडला तो अंदाजात. कौशल्य शिकलेले स्वतःला जास्त तरबेज समजत होते.

हुकलेला अपघात नेमकं असंच चुकीचं शिकवू शकतो. तो टळला तेव्हा दोन गोष्टी सांगता येतात: 'मी धडकणारच होतो' किंवा 'मी वेळेवर ब्रेक मारला'. रॉबिन डिलन आणि कॅथरीन टिन्सली यांनी २००८ मध्ये दाखवलं की केवळ नशिबाने तरलेला निर्णय लोकांना जवळजवळ यशस्वी निर्णयाइतकाच चांगला वाटतो आणि पुढच्या वेळी ते धोका पत्करायला अधिक तयार होतात. मित्रांमध्ये रंगवून सांगितलेला प्रसंग हळूहळू दुसऱ्या प्रकारचा होत जातो, असं माझं निरीक्षण आहे.

तोही लक्षात राहिला तर. पीटर चॅपमन आणि जेफ्री अंडरवुड यांनी चालकांकडून प्रवासानंतर लगेच आणि काही दिवसांनी अशा प्रसंगांच्या नोंदी घेतल्या. त्यांच्या अंदाजानुसार, जास्तीत जास्त दोन आठवड्यांच्या अंतराने विचारलं तर थोडक्यात टळलेले सुमारे ८० टक्के प्रसंग सांगितलेच जात नाहीत. पहिला, काळजात धस्स करणारा प्रसंग राहतो. त्यानंतरचे लहानसहान विरून जातात, आणि खरा अभ्यास त्यांच्यातच दडलेला असतो. अमेरिकेत १०० गाड्यांमध्ये सुमारे वर्षभर कॅमेरे बसवून केलेल्या पाहणीत ६९ अपघात नोंदले गेले, तर थोडक्यात टळलेले अपघात ७६१.

कॅमेऱ्यांमुळे ते पुसट सेकंदही पाहता आले. नवख्या चालकांच्या गाड्यांमधल्या चित्रीकरणावर आधारलेला शीला क्लॉअर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. फोनवर नंबर लावताना नवख्यांच्या बाबतीत अपघाताची किंवा अपघात थोडक्यात टळण्याची शक्यता सुमारे आठ पटींनी वाढत होती. मला जास्त हादरवलं ते पुढच्या आकड्याने: फोन घ्यायला नुसता हात नेला तरी सात पट. रस्त्याकडेचं काहीतरी बघत राहिलं तरी जवळजवळ चौपट. अनुभवी चालकांच्या बाबतीत यांपैकी फक्त नंबर लावण्याने धोका वाढलेला दिसला, तोही सुमारे अडीच पट. नव्या चालकाचं सगळं लक्ष आधीच गाडी रेषेत ठेवण्यात गुंतलेलं असतं, दुसरीकडे द्यायला शिल्लकच नसतं.

यात खूप आशाही आहे. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या नव्या चालकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एकट्याने गाडी चालवायला लागल्यावर पहिल्या महिन्यातलं अपघातांचं प्रमाण सातव्या महिन्यापर्यंत ४१ टक्क्यांनी घटलेलं होतं. सात महिन्यांत वय फारसं वाढत नाही. मेंदूचा आवर घालणारा, कपाळामागचा भाग तर पंचविशीपर्यंत घडत राहतो. म्हणजे या घटीत सरावाचा वाटा मोठा असला पाहिजे, आणि त्यात नजरेचा सराव मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तो मुद्दाम देताही येतो. ब्रिटनमध्ये २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत चित्रफिती दाखवून धोका किती लवकर ओळखला हे मोजतात. घरी करण्याजोगा सोपा प्रकार म्हणजे दिसेल ते मोठ्याने बोलत गाडी चालवणं: "पुढच्या दोन गाड्यांचे दिवे लागले, डावीकडे चेंडू, मागोमाग मूल येईल." बोलायचं म्हटलं की लांब बघावंच लागतं.

घरातल्या मोठ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. मूल पांढऱ्या चेहऱ्याने घरी आलं तर त्याला आधी पाणी द्या, बसू द्या. रागावलात तर पुढचे प्रसंग तुमच्या कानावर येणार नाहीत आणि पंधरा दिवसांत ते त्याच्याही लक्षात राहणार नाहीत. त्याच दिवशी प्रसंग उलटा सांगायला लावा. ब्रेक मारलास, त्याच्या आधी कुठे बघत होतास? त्याच्या आधी? गाडीत कोण बोलत होतं? पुढच्या गाडीपासून किती मागे होतास?

त्या संध्याकाळी दादाने हेच केलं. अर्ध्या तासाने आम्ही तीच वाट पुन्हा घेतली, या वेळी स्टेअरिंग त्याच्या हातात होतं. वळण संपल्या संपल्या तो म्हणाला, "आता बघ." पुढे एक उंच गाडी होती आणि तिच्या काचांमधून पलीकडचा सिग्नल दिसत होता. त्याच्या अलीकडे लाल दिव्यांची रांग लागलेली, ओल्या रस्त्यावर त्यांचे लांबलचक पट्टे पडलेले. मी मोजायला लागलो. आमच्या पुढच्या गाडीचे ब्रेकलाइट लागले तेव्हा माझे पाच आकडे मोजून झाले होते.