सहा आकडे आणि आत्याचं कुलूप

माझी आत्या सांगलीला असते. निवृत्त शिक्षिका. व्हॉट्सॲपवर लिहितानाही पत्राची शिस्त सोडत नाही: मायना, मजकूर, शेवटी 'तुझी आत्या'. दिवाळीनंतर एका दुपारी तिच्या नंबरवरून मला मेसेज आला, 'हाय, 20 हजार पाठव अर्जंट, संध्याकाळी देते.' आत्या मला जन्मात कधी 'हाय' म्हणालेली नाही. मी लगेच फोन लावला. ती तांदूळ निवडत बसली होती, कुणाला काही पाठवल्याचं तिच्या गावीही नव्हतं. तोवर तिच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने पैसे पाठवूनसुद्धा टाकले होते.

झालं होतं असं. सकाळी एका जुन्या विद्यार्थिनीच्या नंबरवरून आत्याला मेसेज आला, 'बाई, माझा सहा आकडी कोड चुकून तुमच्या फोनवर गेलाय, जरा पाठवता?' एसएमएस खरंच आलेला होता. आत्याने आकडे पाठवले. विद्यार्थिनीचं खातं आदल्याच दिवशी चोरीला गेलं होतं, ते तिला कसं कळावं?

तेव्हापासून घरातले सगळे मला एकच विचारतात, 'अरे, व्हॉट्सॲप एन्क्रिप्टेड असतं ना? मग हे झालंच कसं?'

एन्क्रिप्शन, म्हणजे ज्याला पाठवला त्यालाच वाचता येईल असा मजकूर गुप्त करणं, असतंच, आणि ते उत्तम आहे. 1976 मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोघांनी एक शोधनिबंध लिहिला. आधी कधीही न भेटलेल्या दोन माणसांना, सगळ्यांच्या कानावर पडेल अशा वाटेवरून बोलूनही, आपसात गुपित कसं ठरवता येईल, याची रीत त्यांनी दाखवली. त्यातून पुढे जे शास्त्र वाढलं ते कुलपाच्या उदाहरणाने समजतं. समजा, मी माझी उघडी कुलपं गावभर वाटली आणि किल्ली मात्र कनवटीला ठेवली. मला काही पाठवायचं असेल तर डब्यात घाला, माझं कुलूप दाबा आणि डबा कुणाच्याही हाती द्या. वाटेत कुणालाच तो उघडता येणार नाही. व्हॉट्सॲपने एप्रिल 2016 मध्ये हे संरक्षण सगळ्यांसाठी लागू केलं. किल्ली तुमच्या फोनमध्ये तयार होते आणि तिथेच राहते; मेसेज वाहून नेणाऱ्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. टेलिग्राम या दुसऱ्या मेसेजिंग ॲपचं मात्र तसं नाही, तिथे 'सिक्रेट चॅट' उघडली तरच असं कुलूप लागतं. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो.

आता सहा आकड्यांकडे येऊ. तुम्ही नवा फोन घेता तेव्हा तुम्हीच त्या नंबरचे मालक आहात, हे ॲपने ओळखायचं कसं? त्या नंबरवर एक कोड पाठवायचा आणि तो परत विचारायचा. सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात, आणि थोड्याच चुकांनंतर ॲप पुढचे प्रयत्न थांबवतं. म्हणून तुमचा नंबर आपल्या फोनवर टाकणारा चोर कोडचा अंदाज बांधत बसत नाही, सरळ मागून घेतो. कधी ओळखीच्या माणसाच्या नावाने मागतो. कधी कुरियरवाला बनून 'तारा (*) आणि 21 ने सुरू होणारा नंबर डायल करा' म्हणतो. तो डायल केला की तुमचे कॉल त्याच्याकडे वळतात आणि फोनवरून ऐकवला जाणारा कोडही त्याच्याच कानावर पडतो.

कोड मिळाला की त्याच्या फोनमध्ये नवी किल्ली आणि नवी कुलपं तयार होतात. आत्याची कुलपं बाद होतात आणि तिच्या नावावर चोराची कुलपं गावभर वाटली जातात. आपण आपला डबा नेहमीच्याच विश्वासाने बंद करतो. तो बिनबोभाट पोहोचतो, फक्त चोराच्या घरी. गणितात कुठेही चूक झालेली नसते. वाटेत कुणी डबा उघडू नये, एवढंच ते बघतं. पलीकडे कोण बसलंय, हे त्याला कुणी विचारलेलंच नसतं.

तरी एक खूण मागे राहतेच. त्या दुपारी मी आत्याची चॅट पुन्हा उघडली, तर 'हाय'च्या वर बारीक अक्षरांत एक ओळ होती: सुरक्षा कोड बदलला आहे. कुलूप बदलल्याची ती वर्दी. कुणी फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं तरी ती येते, म्हणून ती दिसली म्हणजे चोरीच झाली असं नाही. पण तिच्या खालोखाल पैशांची मागणी आली, तर आवाज ऐकल्याशिवाय एक रुपयाही हलवू नये. सेटिंगमध्ये 'सिक्युरिटी नोटिफिकेशन्स' चालू केलेलं असलं की ही ओळ दिसते. आजच चालू करून ठेवा. तिथेच जवळ 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' आहे. त्यात स्वतःचा सहा आकडी पिन ठेवला, की नुसत्या एसएमएसच्या कोडवर खातं पळवता येत नाही. आत्याने तो ठेवलेला नव्हता. चोराने खातं हाती येताच पहिल्यांदा तोच ठेवला.

'लिंक्ड डिव्हायसेस'ची यादीही बघून घ्या. तिथे अनोळखी संगणक दिसला, तर कुणीतरी तुमचे मेसेज त्यावर वाचतंय. त्याला तिथूनच बाहेर काढता येतं.

लग्नसराईत आणखी एक प्रकार फिरतो. ग्रुपवर 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, पण नावाचा शेवट 'एपीके' असा असतो. ती पत्रिका नसते, ते अँड्रॉइड फोनवर चढवायचं ॲप असतं. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते. ती बघायला काहीही 'इन्स्टॉल' करावं लागत नाही. हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, आणि ती दिली की बँकेचे ओटीपी तुमच्याआधी चोराला दिसू लागतात. इथेही कुलूप शाबूतच असतं. तुमच्या फोनमध्ये डबा उघडला की मजकूर मोकळा होतो, आणि चोर तिथेच दबा धरून असतो.

आत्याच्या मैत्रिणीला आम्ही ताबडतोब 1930 वर फोन करायला लावलं. हा सायबर फसवणुकीसाठीचा देशभराचा क्रमांक आहे. चोरलेले पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात भराभर पळवले जातात. तक्रार लवकर गेली तर वाटेतल्या बँकेत ते अडवता येतात. घाबरून किंवा लाजेखातर संध्याकाळपर्यंत गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. तिने तासाभरात फोन केला म्हणून निम्मे पैसे अडले.

खातं परत मिळवायला आत्याने तिच्या फोनवर नव्याने नोंदणी केली. एसएमएसचा कोड टाकताक्षणी चोर बाहेर फेकला गेला. पण पिन त्याने ठेवलेला, त्यामुळे तिला आत जायला सात दिवस थांबावं लागलं. ते दिवस तिने डायरी उघडून एकेकाला फोन करण्यात घालवले, सगळ्यात आधी त्या विद्यार्थिनीला.

आठव्या दिवशी तिचा मेसेज आला, मायन्यासकट. त्याच्या वर पुन्हा तीच बारीक ओळ होती. मी फोन लावला. एकमेकांच्या माहितीच्या पानावरचा 60 आकड्यांचा सुरक्षा कोड दोघांनी उघडला; दोन्हीकडे तो सारखा असला, की कुलूप आत्याचंच. पाच-पाच आकड्यांचे बारा गट. आत्या हजेरी घेतल्यासारखी एकेक गट वाचत गेली, आणि मी माझ्या फोनवर बोट ठेवून 'बरोबर' म्हणत गेलो.