वाख मजबूत, पण पकड ढिली

घायपाताचा वाख, म्हणजे पानांतून निघणारा तंतू, हाताने तुटता तुटत नाही. मग तोच रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट प्लास्टिकमध्ये) घातला की काचतंतूच्या तोडीचा पत्रा आपोआप तयार होणार, असा समज कोल्हापुरात अभियांत्रिकीचे प्रकल्प करणाऱ्या मुलांमध्ये हमखास आढळतो. तसं होत नाही.

ताणून तोडलेला नमुना भिंगाखाली धरा. पुष्कळसे तंतू तुटलेलेच नसतात, रेझिनमधून उपसून आलेले असतात. समोरच्या तुकड्यात त्यांच्या जागी गुळगुळीत भोकं दिसतात. तंतूत ताकद होती, पण भार तिथवर पोचलाच नाही.

वाखातल्या सेल्युलोजवर हायड्रॉक्सिल गटांची, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्यांची, दाटी असते. त्यांना पाण्याची ओढ, तर पॉलिप्रोपिलीनसारख्या प्लास्टिकचं पाण्याशी वाकडं, म्हणून दोघांची पकड जमत नाही. त्यात तंतूवर मेणाचा आणि पेक्टिनचा थर. हा थर कॉस्टिक सोड्याने निघतो. जॉन मर्सर यांनी 1850 मध्ये पेटंट घेतलेली सुतावरची प्रक्रियाच इथे कामी येते. साधारण 5 टक्क्यांच्या द्रावणात वाख खरबरीत होतो, बारीक धाग्यांत सुटतो. द्रावण फार कडक केलं तर मात्र सेल्युलोजच कमजोर होतं.

मला सर्वांत भावतो तो सिलेनचा उपाय. सिलेन हा तंतू आणि रेझिन यांना जोडणारा रेणू. त्यात सिलिकॉनला अल्कॉक्सी गट (ऑक्सिजनमार्गे लागलेली कार्बनची साखळी) जोडलेले असतात. पाण्यात त्यांचे सिलॅनॉल, म्हणजे सिलिकॉनवरचे हायड्रॉक्सिल गट, होतात. ते आधी सेल्युलोजशी हायड्रोजन बंधाने जुळतात. तापवल्यावर पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि सिलिकॉन-ऑक्सिजन-कार्बन असा सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, पक्का) बंध तयार होतो. दुसऱ्या टोकाला अमिनो गट (नायट्रोजनचा) असेल तर तो इपॉक्सी या रेझिनच्या रेणूतलं वलय उघडून थेट रेझिनच्या जाळ्यात शिरतो. आता तंतू उपसायचा तर रासायनिक बंधच तोडावे लागतात!

अशा पत्र्यांना सरसकट ‘पूर्ण विघटनशील’ म्हणून खपवणं मात्र चूक आहे. वाख कुजेल, इपॉक्सी कुजत नाही.

आपल्याकडे गुऱ्हाळाच्या चुलवाणात जाणारं उसाचं चिपाड या कामाला लावायचं तर पकडीला आणखी महत्त्व येतं. चिपाडाचे तंतू आखूड. ठरावीक लांबीपेक्षा आखूड तंतू पूर्ण भार घेण्याआधीच निसटतो, पण पकड दुप्पट झाली की ही किमान लांबी निम्म्यावर येते. त्याआधी चिपाडातला मऊ गर चाळून काढायला हवा, कारण तो रेझिन पितो आणि ताकद काहीच देत नाही. तंतूही भट्टीत पुरते वाळवायला हवेत, नाहीतर ओलाव्याची वाफ होऊन पत्र्यात पोकळ्या राहतात.