सांबऱ्यात अल्टीमीटर चुकतो तेव्हा

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावात येईपर्यंत गाडीतलं वेफर्सचं पाकीट टम्म फुगतं. समुद्रकाठी हवेचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास, तर बेळगावात ९२५ च्या. पाकिटातली हवा कोंडलेली असते, बाहेरचा दाब घटला की ती पसरते. लहान विमानातल्या उंची दाखवणाऱ्या अल्टीमीटरच्या पोटात असंच एक पाकीट असतं. फरक एवढाच की ते पातळ धातूचं, वळ्यावळ्यांचं असतं आणि आतली हवा जवळजवळ सगळी काढून बंद केलेलं असतं. विमान वर गेलं की ही धातूची डबी केसभर फुगते. ती हालचाल दांडी आणि दातेरी चाकांमधून वाढत वाढत काट्यांपर्यंत पोचते. मोठा काटा शेकड्यांचा, छोटा हजारांचा.

म्हणजे हे यंत्र उंची मोजतच नाही. ते दाब मोजतं आणि ठरलेल्या कोष्टकानुसार तो फुटांत सांगतं. ‘अल्टीमीटर चुकतोय’ म्हणून येणाऱ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. म्हणून पान्याला हात घालण्याआधी संशयाचा क्रम ठरवावा: आधी खिडकीतला आकडा, मग हवा, मग नळ्या, आणि सगळ्यात शेवटी यंत्र. उलट्या क्रमाने गेलं की चांगलं यंत्र काढून कार्यशाळेत जातं, निर्दोष ठरून परत येतं आणि तक्रार जागच्या जागी राहते.

खिडकी म्हणजे डायलवरची छोटी दाबपट्टी. पॉल कोल्समन यांनी १९२८ च्या सुमारास असा संवेदनशील अल्टीमीटर बनवला आणि १९२९ मध्ये वैमानिक जिमी डूलिटल यांनी बाहेर काहीही न बघता केलेल्या उड्डाणात तो वापरला गेला. बाजूची घुंडी फिरवून त्या खिडकीत टॉवरने सांगितलेला क्यूएनएच, म्हणजे त्या वेळचा समुद्रपातळीच्या हिशेबात आणलेला हवेचा दाब, लावायचा. त्यात एका हेक्टोपास्कलची चूक झाली तर काटा साधारण २७ फूट सरकतो. काल संध्याकाळचा १०१२ तसाच राहिला आणि आज पावसाळी हवेत क्यूएनएच १००६ असला, तर अल्टीमीटर १६० फूट जास्त दाखवेल. विमान मात्र तेवढं खाली असेल. ज्या विमानांत खिडकी पाऱ्याच्या इंचांत आहे, तिथे हेक्टोपास्कल इंचांत बदलताना आणखी एक चूक शिरते. कोष्टक कॉकपिटमध्येच चिकटवलेलं बरं.

आता हवा. बेळगावच्या सांबरा विमानतळाची अधिकृत उंची २४८७ फूट. सकाळी दहाला उभ्या विमानात घुंडी फिरवून काटे बरोबर तिथे आणले आणि दुपारी चारला येऊन पाहिलं, तर विमान जागचं हललेलं नसताना काटे ऐंशी-नव्वद फूट वर गेलेले दिसू शकतात. शिकाऊ वैमानिक ‘ड्रिफ्ट होतोय’ असं नोंदवहीत लिहून मोकळा होतो. पण उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा: सकाळी नऊ-दहाच्या सुमारास शिखर, दुपारी चारच्या सुमारास तळ, आणि दोन्हींत सुमारे ३ हेक्टोपास्कलचा फरक. यंत्र आपलं काम चोख करतंय. तपासणी करायची तर त्याच क्षणाचा क्यूएनएच मागून घेऊन करावी.

जागाही पाहावी लागते. विमानतळाची अधिकृत उंची ही धावपट्टीच्या वापरातल्या सर्वांत उंच जागेची असते. तुमचं विमान उभं आहे ते आवार त्याहून काही फूट खाली असू शकतं. ताजा क्यूएनएच लावून, काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारून जो आकडा येईल तो त्या जागेच्या उंचीशी ताडून पाहावा. आंतरराष्ट्रीय प्रथेत लहान विमानांच्या नेहमीच्या अल्टीमीटरला ६० फुटांपर्यंत सूट आहे, अमेरिकेत ७५ फुटांपलीकडे गेला तर तपासणीला पाठवा म्हणतात. यात बसत नसेल तर उड्डाण नाही. घुंडीने काटे ‘जुळवून’ निघायचं, हा उपाय नव्हे. त्याने आजची चूक लपते आणि उद्या ती कुठे किती निघेल ते कळत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक तक्रार येते: ‘जीपीएस वेगळीच उंची सांगतो.’ अल्टीमीटरचं कोष्टक असं मानून चालतं की समुद्रपातळीला तापमान १५ अंश असतं आणि दर हजार फुटांना ते सुमारे २ अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने बेळगावात १० अंश असायला हवेत. हिवाळ्यातल्या एखाद्या पहाटे ते असतातही! एप्रिलच्या दुपारी पारा ३७ वर असतो. तापलेली हवा पसरते आणि दर १० अंशांना खरी उंची साधारण ४ टक्क्यांनी वाढते, तीही विमानतळापासून वरच्या भागाचीच. सांबऱ्यावर अल्टीमीटर ५००० दाखवत असेल, तर वरच्या सुमारे २५०० फुटांवर पावणेतीनशेच्या आसपास फूट जादा धरा. हा बिघाड नाही, आणि एकाच भागातली सगळी विमानं सारखीच चुकत असल्याने एकमेकांपासूनचं अंतर शाबूत राहतं. मोबाइलची काही अॅप्स तर समुद्रपातळीऐवजी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात. दक्षिण भारतात त्या दोहोंत पन्नास मीटरहून जास्त तफावत आहे. मोबाइलशी ताडून अल्टीमीटरला दोष देऊ नये.

खरे बिघाड बहुतेक नळ्यांत असतात. विमानाच्या अंगावर एक बारीक भोक असतं, स्टॅटिक पोर्ट. सेस्ना १७२ ला ते पुढच्या भागात डाव्या बाजूला असतं. तिथून निघालेली नळी अल्टीमीटर, व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारं यंत्र) आणि वेगमापक या तिघांना बाहेरचा दाब पुरवते. म्हणून एकट्या अल्टीमीटरकडे न पाहता तिघांकडे मिळून पाहावं. चढताना अल्टीमीटर एकाच आकड्यावर गोठला, व्हीएसआय शून्यावर बसला आणि वेग खऱ्यापेक्षा कमी दिसू लागला, तर भोक पूर्ण बुजलंय. उतरताना हेच उलटं होतं, वेग जास्त दिसतो आणि तो जास्त धोक्याचा. काटे चालतात पण मागे रेंगाळतात, तर अर्धवट बुजलंय. काटे उड्या मारतात, थरथरतात, तर नळीत पाणी आहे. कॅबिनची खिडकी किंवा हवेची झडप उघडली की आकडा सरकतो, तर नळी कॅबिनच्या आत कुठेतरी गळते आहे.

आपल्याकडे पाणी आणि कुंभारीण माशी, हे दोघे ठरलेले गुन्हेगार. जूनपासून पश्चिमेचा पाऊस आडवा झोडपतो आणि उघड्यावर उभ्या विमानाच्या भोकात पाणी शिरतं. नळीच्या सखल भागात पाणी साठवायचा सापळा असेल तर पावसाळ्यात तो नेमाने रिकामा करावा. पाऊस सरला की कुंभारीण. चिखलाची गोळी आणून ती स्टॅटिक भोकाचं तोंड दोन-चार दिवसांत लिंपून टाकते आणि वरून पाहिलं तर ते भोक आहे की मातीचा ठिपका, हे पटकन कळत नाही. तिरपी बॅटरी मारून बघावं. तारेने टोकरू नये. भोकाची कड जराशी उचलली गेली तरी तिथला वारा बिघडतो आणि यंत्र ठणठणीत असूनही आकडा कायमचा चुकीचा येतो. फुंकायचं असेल तर नळी आधी सर्व यंत्रांपासून सोडवावी आणि आतून बाहेर फुंकावी. यंत्रं जोडलेली असताना कॉम्प्रेसरची हवा सोडली की तिन्हींचा खर्च डोक्यावर येतो.

गळती शोधायची तर पर्यायी स्टॅटिकची (मुख्य भोक बुजलं तर वापरायची) झडप बंद करावी, सापळा रिकामा करून घट्ट लावावा आणि जोडणीच्या भोकाखेरीज बाकी सगळी भोकं भडक रंगाच्या पट्टीने बंद करावीत. तपासणी संच पिटो (वेगमापकाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब देणारी नळी) आणि स्टॅटिक दोन्हींना एकत्र जोडावा. नुसती स्टॅटिक ओढली तर वेगमापकाला विमान सुसाट निघाल्यासारखं वाटतं आणि जास्त ओढलं तर त्याची डबी कामातून जाते. खिडकीत १०१३ लावावा. समजा काटे २६०० वर आले. आता व्हीएसआयचा काटा टोकाला आपटणार नाही इतक्या सावकाश हवा ओढत ३६०० पर्यंत न्यावं, झडप बंद करावी आणि घड्याळ लावून एक मिनिट थांबावं. काटा १०० फुटांपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे. मग नळी मध्यावर तोडून अर्ध्या-अर्ध्या भागाची परीक्षा घ्यावी. दोष बहुधा उन्हाने कडक झालेल्या प्लॅस्टिक नळीच्या टोकाला, चेपलेल्या रबरी ओ-रिंगमध्ये, किंवा नुकतंच पॅनेलमागे काम झालं असेल तर तिथेच सापडतो. साबणाचं पाणी इथे चालत नाही, ओढ आत असल्याने फेस नळीत शिरतो.

नळ्या निर्दोष ठरल्या तरच यंत्र टेबलावर घ्यावं. तिथे चूक किती हे तर बघायचंच, पण ती कशी बदलते ते जास्त बोलकं. सगळ्या उंचीवर सारखी चूक असेल तर दाबपट्टी आणि काटे यांची जुळणी सरकली आहे. ती मागेपुढे करून बसवता येते, पण परवानाधारक कार्यशाळेतच. चूक उंचीबरोबर वाढत गेली तर डबी किंवा दांडीचं प्रमाण बिघडलंय. चढताना एक आणि उतरताना दुसराच आकडा आला तर डबीचा धातू थकलाय. टिचकी मारल्यावर काटा उडी घेत असेल तर काट्यांच्या आसात घर्षण आहे, म्हणूनच टेबलावर यंत्राला बारीक कंप देऊनही वाचन घेतात, कारण विमानात इंजिन ते काम फुकट करतं. अमेरिकी नियमांत समुद्रपातळीला २० फूट, २००० वर ३०, ६००० वर ४० आणि १०,००० वर ८० फुटांपर्यंत चूक चालते, आणि ढगांतून उडणाऱ्या विमानाची ही परीक्षा दर २४ महिन्यांनी होते. आपल्याकडे त्या विमानाच्या डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्य केलेल्या देखभाल कार्यक्रमात लिहिलेला काळ धरायचा.

टॉवरला पडद्यावर दिसणारी उंची बहुतेक जुन्या लहान विमानांत वेगळ्या एन्कोडरकडून जाते आणि तो कायम १०१३.२५ च धरतो. घुंडी फिरवून तिथला आकडा बदलत नाही. अल्टीमीटरही १०१३ वर लावून दोघांत १२५ फुटांपेक्षा जास्त फरक आला तर पाहावं.

काम संपलं की पट्ट्या काढायच्या. २ ऑक्टोबर १९९६ रोजी पेरूमध्ये एरोपेरूचं बोइंग ७५७ धुऊन झाल्यावर स्टॅटिक भोकांवरची पट्टी तशीच राहिली आणि विमानातले ७० जण गेले. लावलेल्या पट्ट्यांची संख्या कामाच्या कागदावर आधीच लिहावी, प्रत्येक पट्टीला लाल फडकं बांधावं आणि काढलेल्या पट्ट्या त्याच कागदाला डकवून दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्याव्यात.