धातू-ऑक्साइडचे पातळ थर आणि अतिनील प्रकाशाचे शोधन : पार्श्वभूमी

सिलिकॉनचे शोधक, म्हणजे प्रकाश पडताच विद्युत संकेत देणारी उपकरणे, अतिनील प्रकाशाला प्रतिसाद देतात, पण दृश्य प्रकाशालाही देतात, म्हणून त्यांच्यापुढे फिल्टर बसवावा लागतो. झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर, म्हणजे इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा, सुमारे 3.37 इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे; दृश्य प्रकाशाची ऊर्जा त्याहून कमी पडत असल्याने ही अडचण मुळातच टळते. त्याची प्रकाशवाहकता, म्हणजे प्रकाशात वीज अधिक वाहून नेण्याचा गुण, विसाव्या शतकाच्या मध्यापासून ठाऊक होती. मात्र त्याच्या थरांकडे संशोधकांची खरी वर्दळ वळली ती 1997च्या सुमारास, सामान्य तापमानाला त्यांतून लेसर-उत्सर्जन मिळाल्यानंतर. त्या उत्साहात पी-प्रकारच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनांऐवजी विवरांनी (इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या, धनभारित जागांनी) वीज वाहणाऱ्या, झिंक ऑक्साइडचे अनेक दावे झाले, पण टिकाऊ आणि सहज पुन्हा बनवता येणारा थर हाती आला नाही. परिणामी बहुतेक शोधक पी-एन डायोड (पी-प्रकार आणि इलेक्ट्रॉनांनी वीज वाहणारा एन-प्रकार यांची जोड) न होता साधे प्रकाशवाहक किंवा धातूच्या संपर्कावर आधारलेलेच राहिले.

या प्रकाशवाहकांत प्रकाश बंद केल्यावरही प्रवाह कित्येक सेकंद, कधी कित्येक तास रेंगाळतो, आणि त्याचे कारण आजही वादाचे आहे. जुने स्पष्टीकरण पृष्ठभागाचे आहे: हवेतील ऑक्सिजन थराला चिकटताना इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो, अतिनील प्रकाशाने निर्माण झालेली विवरे पृष्ठभागावर येऊन तो ऑक्सिजन सोडवतात, आणि मागे उरलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजन पुन्हा चिकटेपर्यंत मोकळे फिरतात. निर्वातात प्रवाह आणखी सावकाश उतरतो, हा या मताचा भक्कम आधार. दुसरे मत, ज्याला 2005च्या सुमारास झालेल्या सैद्धांतिक गणितांनी बळ दिले, असे की स्फटिकात ऑक्सिजनचा अणू नसलेल्या रिक्त जागेतून प्रकाशाने इलेक्ट्रॉन निघून गेले की भोवतीचे अणू सरकतात आणि इलेक्ट्रॉनांच्या परतीच्या वाटेत ऊर्जेचा अडसर उभा राहतो. सच्छिद्र, सूक्ष्मकणी थरांत पहिले कारण वरचढ असावे. तरीही निर्वातातील मोजमाप न करताच ते गृहीत धरण्याची सवय या क्षेत्राला लागली, हे नोंदवायला हवे.

वाद केवळ तात्त्विक नाही. प्रत्येक फोटॉनमागे (प्रकाशकणामागे) एकच इलेक्ट्रॉन मोजला गेला, तर 365 नॅनोमीटर तरंगलांबीला प्रतिसाद प्रकाशाच्या प्रतिवॅट सुमारे 0.29 अँपिअरपलीकडे जाऊ शकत नाही. त्याहून कित्येक पट मोठे आकडे येतात ते वाहकांचे (मोकळ्या इलेक्ट्रॉनांचे) आयुष्य एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाण्याच्या त्यांच्या प्रवासकाळाहून फार लांबल्यामुळे. म्हणजे संवेदनशीलता म्हणून मिरवला जाणारा आकडा बहुतांशी त्याच मंदपणाची देणगी असतो.

पुढे लक्ष 280 नॅनोमीटरखालच्या तरंगलांबीच्या पट्ट्याकडे गेले. तेथील सूर्यप्रकाश ओझोन थोपवतो, त्यामुळे दिवसाढवळ्याही पार्श्वभूमी जवळजवळ अंधारी असते. मॅग्नेशियम मिसळून झिंक ऑक्साइडचे ऊर्जा-अंतर वाढवता येते, पण दोन्ही ऑक्साइडांची स्फटिकरचना वेगळी असल्याने प्रमाण वाढवताच मिश्रण फुटू लागते. सुमारे 4.8 इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या गॅलियम ऑक्साइडला मिश्रणाची गरजच नाही, शिवाय त्याचे मोठे स्फटिक वितळलेल्या द्रव्यातून वाढवता येतात. 2010नंतर उच्च-व्होल्टेज उपकरणांसाठी त्यात झालेल्या कामाचा लाभ शोधकांनाही मिळाला. पी-प्रकाराची उणीव मात्र तेथेही आहे, म्हणून निकेल ऑक्साइडशी जोड दिली जाते. रिक्त जागांचा प्रश्नही सुटलेला नाही: स्पटरिंग (आयनांच्या माऱ्याने द्रव्य उडवून थर बसवण्याची पद्धत) करताना ऑक्सिजन वाढवला की रेंगाळणारा प्रवाह आटोक्यात येतो, पण त्याबरोबर प्रतिसादही घटतो.